खतावणी उघडी, नावे झाकलेली: रेल्वेच्या मोबदल्याचे चार लाख आणि एका टोकनची तपासणी

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव आहे. रोजकीर्द, खतावणी आणि कर्जवाटपाची यादी एवढेच माझे जग, त्यामुळे क्रिप्टोच्या बाजाराशी माझा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. तो आला माझ्या थोरल्या बहिणीमुळे. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गासाठी तिच्या वावराचा एक तुकडा गेला, मोबदला मिळाला, घर आणि मुलीचे लग्न उरकल्यावर त्यातले ४ लाख रुपये बँकेत शिल्लक राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, त्यातले ३ लाख एका नव्या टोकनमध्ये, म्हणजे कोणीतरी नव्याने काढलेल्या क्रिप्टो नाण्यात, गुंतवायचे म्हणून माझ्याकडे आला. या लेखात त्या तीन संध्याकाळच्या तपासणीची आणि त्यानंतर जे घडले त्याची नोंद आहे. माणसांची आणि टोकनची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत.

तो आठवडाच तसा होता. ५ डिसेंबरला बिटकॉइनने १ लाख डॉलरचा टप्पा ओलांडला होता आणि ती बातमी प्रत्येक मोबाइलवर होती. इकडे सोयाबीनला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असताना बाजारात ते त्याच्या बरेच खाली विकले जात होते, आणि कापूस ७,५२१ च्या हमीभावाने द्यायचा तर खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट होती. वर्षभर राबून हातात काय उरले याचा हिशेब घरोघर चालू असताना दिग्रसकडचा एक ओळखीचा माणूस गावोगाव बैठका घेत होता, आणि दररोज एक टक्का परतावा देणारे ‘पाच कोटींचे प्रोजेक्ट’ समजावून सांगत होता. भाच्याला मी दोष देत नाही. पदविका घेऊन दोन वर्षे नोकरीची वाट पाहिलेल्या मुलाला एक टक्का रोज हा आकडा खोटा वाटत नाही, कारण तो खरा असावा अशी त्याची गरज असते.

बहिणीने एकच अट घातली. “पैसा माह्या वावराचा हाय. मामाले कागदावर लिहून समजावून सांग, मंग सही करतो.”

वही कोणती आणि तिच्यात काय असते

भाच्याने पहिल्या संध्याकाळी सांगितलेली गोष्ट मला लगेच पटली, कारण ती आमच्या कामाची होती. ब्लॉकचेन म्हणजे कोणालाही उघडून पाहता येणारी, मागची नोंद खोडता न येणारी व्यवहारांची वही. सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकावरून जमीन कोणाकडून कोणाकडे आली हे जसे मागे मागे शोधत जाता येते, तसेच इथे प्रत्येक नाणे कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर, कोणत्या सेकंदाला गेले ते दिसते. फरक एवढाच की सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव असते आणि इथे नावाच्या जागी अक्षरे-अंकांची एक लांब ओळ असते. नोंद खरी आहे, पण नोंदीमागचा माणूस कोण आणि त्याने ती का केली, हे वही सांगत नाही. पुढच्या सगळ्या तपासणीत हा फरक आम्ही विसरलो नाही, म्हणूनच ती उपयोगी पडली असे मला वाटते.

हे टोकन बीएनबी स्मार्ट चेन नावाच्या ब्लॉकचेनवर होते, आणि बीएनबी हे त्या चेनचे स्वतःचे नाणे. त्या चेनची वही बीएससीस्कॅन या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. बैठकीत वाटलेल्या पत्रकावर टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे ते टोकन चालवणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता छापलेला होता, आणि आम्हाला तेवढा पुरेसा होता.

टोकनची तपासणी

टोकन तयार होऊन ४७ दिवस झाले होते. एकूण पुरवठा १०० कोटी. धारकांच्या यादीत पहिल्याच पत्त्यावर ६१ कोटी टोकन होते आणि हा तोच पत्ता होता ज्याने टोकन तयार केले होते. त्याखाली पाच पत्ते, प्रत्येकी सुमारे ६ कोटी. त्याखाली ४ कोटी टोकन असलेला लिक्विडिटी पूल, म्हणजे जिथे टोकन देऊन बीएनबी घेता येते किंवा बीएनबी देऊन टोकन घेता येते तो सामाईक साठा. उरलेले ५ कोटी सुमारे २,३०० पत्त्यांत विखुरलेले होते.

पाच मोठ्या धारकांबद्दल भाच्याचे म्हणणे असे होते की मोठे गुंतवणूकदार आले आहेत ही तर चांगलीच खूण आहे. मला ते पाच आकडे एकाच मापाचे दिसल्याने शंका आली. सोसायटीत एकाच घरातल्या पाच जणांच्या नावाने सारख्या रकमेचे अर्ज आले की गटसचिव आधी रेशनकार्ड मागतो. इथे रेशनकार्ड नाही, पण त्याच्या जवळचे काहीतरी आहे: कोणत्याही पत्त्याला व्यवहार करायचा तर शुल्कासाठी थोडे बीएनबी लागतात आणि ते पहिल्यांदा कोणाकडून आले हे वहीत दिसते. पाचही पत्त्यांना पहिले बीएनबी एकाच पत्त्यावरून, एकाच तासात आले होते. ही पाच वेगळी माणसे असूही शकतील, पण त्यांचा दिवा एकाच घरातून लावला गेला होता.

२,३०० धारकांची गर्दीही तशीच निघाली. व्यवहारांची यादी मागे नेली तेव्हा सुमारे १,७०० पत्त्यांना अगदी सारख्या संख्येने टोकन एका दिवशी एकाच पत्त्यावरून वाटले गेल्याचे दिसले, आणि त्यांतल्या बहुतेकांनी त्यानंतर एकही व्यवहार केलेला नव्हता. म्हणजे पैसे मोजून आलेले लोक फार तर सहाशे. ते सहाशे आमच्यासारखेच असणार, हे मला त्या क्षणी फार लागले.

मग परताव्याचा प्रश्न. रोजचा एक टक्का कुठून येतो? व्यापारातून नफा आला तर तो कुठल्या तरी पत्त्यावर बीएनबीच्या किंवा डॉलरशी जोडलेल्या नाण्याच्या रूपाने आत येताना दिसायला हवा. तसे काही आत येत नव्हते. परताव्याची टोकन ‘शून्य पत्त्यावरून’ येत होती, आणि वहीच्या भाषेत त्याचा अर्थ ती त्याच क्षणी नव्याने छापली जात होती. आरंभी पुरवठा ८० कोटी होता, ४७ दिवसांत तो १०० कोटी झाला होता. छापलेल्या २० कोटींपैकी जेमतेम २ कोटी सामान्य धारकांकडे गेले होते, उरलेले त्या पाच पत्त्यांकडे. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. पुण्याशी जोडलेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात दरमहा १० टक्के बिटकॉइन देण्याचे आश्वासन होते आणि पुढे लोकांच्या हाती बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे स्वतःच तयार केलेले टोकन ठेवण्यात आले. आपण छापलेल्या चलनात व्याज देणाऱ्याला कधीच तूट येत नसते.

दुसऱ्या संध्याकाळी भाच्याने कॉन्ट्रॅक्टचा कोड वाचला. त्याच्या शिक्षणाचा मला फार उपयोग झाला हे इथे नमूद केले पाहिजे, कारण ही पायरी मी एकट्याने ओलांडू शकलो नसतो. त्यात तीन तरतुदी होत्या: मालक हवी तेवढी नवी टोकन छापू शकतो, एखाद्या पत्त्याला विक्रीपासून रोखू शकतो, आणि विक्रीवरचे शुल्क हवे तेव्हा बदलू शकतो. मालकीहक्क सोडलेला नव्हता. ‘ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२१ मधले स्क्विड टोकन असेच होते,’ असे भाच्याने स्वतःच आठवून सांगितले. त्याचा भाव सुमारे २,८०० डॉलरच्या वर गेला आणि काही मिनिटांत जवळजवळ शून्यावर आला, आणि चढत्या भावात सामान्य धारकांना ते विकताच येत नव्हते.

इथेही तसेच आहे का, हे टोकनच्या व्यवहार यादीत दिसत नाही, कारण फसलेली विक्री टोकन हलवत नाही आणि म्हणून त्या यादीत येत नाही. त्यासाठी प्रत्येक धारकाचा पत्ता स्वतंत्र उघडावा लागतो. आम्ही पंधरा छोटे धारक उघडले. चौघांच्या खात्यावर विक्रीचे फसलेले प्रयत्न लाल खुणेसह नोंदलेले होते, एकाचे तर सात. सात वेळा शुल्क भरून त्या माणसाने बाहेर पडण्याचा प्रयत्न केला होता. आधी ५०० रुपयांचे घेऊन विकून पाहा, विकले गेले तर खरे, असा सल्ला बैठकीत दिला जात होता. पण ज्या तरतुदी मालक उद्या बदलू शकतो त्यांच्या बाबतीत आजची यशस्वी विक्री काहीच सिद्ध करत नाही.

पाच कोटींचा हिशेब

बहिणीला हे सगळे सांगून पटले नसते. तिला पटला तो हिशेब, म्हणून तो इथे पुरा देतो.

पूलमध्ये ४ कोटी टोकन आणि सुमारे २० लाख रुपयांचे बीएनबी होते. भाव ठरतो तो या दोन साठ्यांच्या प्रमाणावरून: २० लाख भागिले ४ कोटी, म्हणजे टोकनला ५ पैसे. १०० कोटी टोकन गुणिले ५ पैसे म्हणजे ५ कोटी रुपये, आणि हेच ते ‘पाच कोटींचे प्रोजेक्ट’. प्रत्यक्षात सगळ्यांनी मिळून विकले तरी पूलमधून बाहेर येणारी रक्कम २० लाखांच्या आतच राहणार, कारण त्यात तेवढेच आहेत.

पूलचा नियम असा की टोकनचा साठा आणि बीएनबीचा साठा यांचा गुणाकार कायम राहतो. भाच्याने ३ लाख टाकले की बीएनबीचा साठा २३ लाख होतो, म्हणून टोकनचा साठा सुमारे ३ कोटी ४८ लाखांवर उतरतो. त्याला सुमारे ५२ लाख टोकन मिळतात, सरासरी पावणेसहा पैशांना, आणि नवा भाव होतो ६.६ पैसे. म्हणजे त्याच्या एकट्याच्या खरेदीने भाव ३२ टक्के वाढतो. मोबाइलवर त्याच क्षणी त्याच्या ३ लाखांचे ३ लाख ४५ हजार झालेले दिसतील! हा ४५ हजारांचा ‘नफा’ कोणीही दिलेला नाही. लगेच विकले तर शुल्क वजा जाऊन ३ लाखच परत येतील, तेही विकू दिले तर. बैठकीत लोक एकमेकांना मोबाइल दाखवत होते तो हाच नफा होता.

आता उलट बाजू. मूळ साठ्यावर पहिल्या पत्त्याने आपले ६१ कोटी टोकन विकले तर पूलमधल्या २० लाखांपैकी पावणेएकोणीस लाखांच्या आसपास तो घेऊन जातो आणि भाव सुमारे २६४ पटीने खाली येतो. त्याला एवढेही करण्याची गरज नव्हती. पूलमध्ये साठा भरल्याची जी पावती असते, जी विश्वासाच्या प्रकल्पात ठरावीक मुदतीसाठी कुलूपबंद ठेवली जाते, ती कुलूपबंद नव्हती, त्याच्याच पत्त्यावर होती. पावती परत केली की साठा त्याचा.

बहिणीने कागद घडी करून ठेवला आणि विषय संपला. निदान त्या टोकनचा.

मग बिटकॉइन का नाही

भाच्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. बिटकॉइनला मालक नाही, पुरवठा २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही, एप्रिल २०२४ च्या निम्मेकरणानंतर (सुमारे दर चार वर्षांनी नव्या नाण्यांचे प्रमाण निम्मे होते) प्रत्येक ब्लॉकमागे, म्हणजे वहीच्या प्रत्येक नव्या पानामागे, ३.१२५ नाणी म्हणजे दिवसाला सुमारे ४५० नवी नाणी येतात आणि हे सगळे वहीत तपासता येते. जे प्रश्न टोकनला घातक ठरले त्यांची उत्तरे इथे समाधानकारक होती. पण ‘फसवणूक नाही’ आणि ‘आज घ्यावे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि दुसऱ्या वाक्यासाठी वही किती बोलते हे पाहण्यात आमची तिसरी संध्याकाळ गेली.

सर्वाधिक विचार करण्यासारखे मोजमाप मला एमव्हीआरव्हीचे वाटले. गावातल्या सगळ्या कापसाची किंमत आजच्या भावाने काढली तर एक आकडा येतो. प्रत्येक गाठोडे शेवटचे ज्या भावाने हात बदलले त्या भावाने काढली तर दुसरा येतो. बिटकॉइनच्या वहीत प्रत्येक नाणे शेवटचे केव्हा हलले हे नोंदलेले असल्याने दुसरा आकडा काढता येतो, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागले की धारक सरासरी किती नफ्यात बसले आहेत हे कळते. २०१८ च्या अखेरीस आणि २०२२ च्या मंदीत हे गुणोत्तर १ च्या खाली गेले होते, म्हणजे सरासरी धारक तोट्यात होता, आणि मागे वळून पाहता तो घेण्याचा काळ ठरला. शिखरांच्या बाबतीत असा भरवसा नाही, कारण प्रत्येक फेरीत शिखराचा आकडा खाली येत गेला आहे. शिवाय अशा फेऱ्या तीन-चारच झाल्या आहेत. चार पावसाळे पाहून पाचव्याचा अंदाज बांधणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

एक्सचेंजकडे, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री चालवणाऱ्या कंपन्यांकडे, येणाऱ्या-जाणाऱ्या नाण्यांचे आकडे अधिक प्रसिद्ध आहेत आणि अधिक फसवे. नाणी एक्सचेंजवर आली की विक्री होणार, बाहेर गेली की लोक साठवत आहेत, असा ठोकताळा आहे. २८ मे २०२४ रोजी, २०१४ मध्ये बुडालेल्या जपानच्या माउंट गॉक्स या एक्सचेंजच्या पत्त्यांवरून सुमारे १ लाख ४० हजार नाणी हलली आणि बाजार घाबरला. ती विक्री नव्हती, ठेवीदारांना परतफेड करण्याची पूर्वतयारी होती. त्यानंतर जून-जुलैत जर्मनीच्या सॅक्सनी राज्याने जप्त केलेली सुमारे ५० हजार नाणी खरोखर विकली, ती विक्री जगभर दिवसागणिक पाहता आली, आणि जुलैच्या सुरुवातीला भाव ५४ हजार डॉलरच्या आसपास उतरला. ज्याने ती नोंद बरोबर वाचून भीतीने विकले त्याने पाच महिन्यांनी १ लाखाचा भाव पाहिला. म्हणजे एका वेळी लोकांनी नोंद चुकीची वाचली आणि एका वेळी बरोबर, तरी दोन्ही वेळा हाती काही लागले नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे वहीत न येणाऱ्या गोष्टी. आपण भारतीय एक्सचेंजवर ५,००० रुपयांचे बिटकॉइन घेतो तेव्हा ब्लॉकचेनवर काहीच लिहिले जात नाही. त्या कंपनीच्या स्वतःच्या खतावणीत आपल्या नावे जमा पडते, इतकेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे एक्सचेंज दिवाळखोरीत गेले तेव्हा त्याची नाणी वहीत पाहता येत होती, पण ग्राहकांची देणी कुठेच पाहता येत नव्हती. जमा बाजू उघडी आणि नावे बाजू बंद, असा ताळेबंद आमच्या लेखापरीक्षकाने पाच मिनिटेही समोर ठेवू दिला नसता.

कराचा हिशेब मी भाच्याला लिहून दिला, कारण तो बैठकीत कोणी सांगत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का आधीच कापला जातो. एका नाण्यात २० हजार मिळवले आणि दुसऱ्यात २० हजार गमावले तर हातात शून्य उरते, तरी ६,२४० रुपये कर लागू शकतो.

निर्णय

मोबदल्यातले १ लाख ४० हजार ३१ मार्चच्या आत पीककर्ज फेडायला ठेवले. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर आपल्या राज्यात व्याज पडत नाही, मुदत चुकली की सवलत जाते. एवढा खात्रीचा लाभ दुसऱ्या कोणत्याही वहीत नव्हता. १ लाख १० हजार विहिरीच्या कामाला आणि मोटरपंपाला, १ लाख ३५ हजार मुदतठेवीत. उरलेले १५ हजार भाच्याच्या हाती, तीन हप्त्यांत बिटकॉइनसाठी, केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी असलेल्या एक्सचेंजवरून. ते सगळे बुडाले तरी पेरणी अडणार नाही, ही त्या आकड्यामागची कसोटी होती. एमव्हीआरव्ही कितीवर गेले तर पुढचा हप्ता थांबवायचा हे त्याने आधीच वहीत लिहून ठेवले, कारण भाव चढत असताना माणूस आपलाच नियम बदलतो.

त्यानंतर

संक्रांतीच्या आठवड्यात त्या टोकनच्या पूलमधला साठा एका व्यवहारात काढून घेतला गेला. तोवर तो ३१ लाखांच्या आसपास पोहोचला होता. वहीत तो व्यवहार स्पष्ट दिसतो: पावती परत, साठा बाहेर, मग दोन पत्ते ओलांडून एका परदेशी एक्सचेंजच्या खात्यावर. तिथे आमचा माग संपतो. पुढचे नाव ते एक्सचेंज जाणते आणि पोलीसच ते विचारू शकतात.

मला एक गोष्ट फार टोचते. बुडालेल्यांपैकी काही जण आमच्याच सोसायटीचे सभासद होते, डिसेंबरमध्ये माझ्या टेबलासमोर बसून गेले होते, आणि बहिणीसाठी केलेला तो कागद तेव्हा माझ्या पिशवीत होता. दुसऱ्याच्या पैशात तोंड घालू नये म्हणून मी बोललो नाही.

जानेवारीअखेर दोन गावांतल्या अकरा जणांचे अर्ज भाच्याने आणि मी मिळून तयार केले. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि सायबर पोलीस ठाण्यासाठी तक्ता केला: अर्जदार, रक्कम, तारीख, वॉलेटचा (वहीतल्या खात्याचा) पत्ता, व्यवहार क्रमांक. नऊ जणांचे रकाने भरले. उरलेल्या दोघांनी त्या माणसाला रोख पैसे दिले होते आणि त्याने आपल्याच मोबाइलवर त्यांची शिल्लक दाखवून फोटो पाठवला होता. त्यांच्या नावे कधी कोणते वॉलेट उघडलेच गेले नव्हते. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी तो फोटो छापून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. भाच्याने वही पुन्हा पुन्हा चाळली, त्या तारखांच्या आसपासचे सगळे व्यवहार पाहिले, आणि शेवटी त्या दोघांच्या पुढचे शेवटचे दोन रकाने आम्ही कोरे ठेवून तक्ता पुढे पाठवला.